खालचा डावा कोपरा

"हूड लावल्यावर कोपरा जायला नको. गेला, तर तुझ्याकडं आल्याबद्दल मी स्वतःलाच दोन शिव्या घालीन."

चार वर्षांनी नाना माझ्या दुकानाची पायरी चढले आणि हे त्यांचं पहिलं वाक्य. कशी आहेस नाही, दुकान बरं चाललंय का नाही. काउंटरवर एक काळा चौकोनी खोका ठेवला आणि जाड चष्म्यातून माझ्याकडे बघत उभे राहिले.

"बसा तरी नाना," मी म्हटलं.

"बसायला न्हाई आलो. खोका उघड."

नाना म्हणजे हिंदुराव माळगे. कोल्हापुरात ज्यांच्या लग्नाला आज पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, त्यांच्यातल्या निम्म्यांचा अल्बम माळगे फोटोतूनच निघालेला असणार. मी अठराव्या वर्षी त्यांच्याकडे कामाला लागले ती निगेटिव्हवरचे डाग पेन्सिलीनं भरायला. पुढे कॅमेरे उघडायला शिकले, ते त्यांनीच शिकवलं. चौदा वर्षं तिथे काढली आणि एका दुपारी भांडून बाहेर पडले. त्यानंतर समोरासमोर आलो की दोघंही रस्ता बदलायचो. माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान झालं. कॅमेरे दुरुस्त करणारी बाई कशी असते ते बघायला सुरुवातीला लोक उगाच येऊन उभे राहायचे.

भांडणाचं कारण साधं होतं. एका मंगल कार्यालयाच्या मालकानं आमच्याकडून कॅमेरा घेतला आणि आठ दिवसांत परत आणला, प्रत्येक फोटोत काळा डाग येतोय म्हणून. मी फोटो बघितले आणि दुकान भरलेलं असताना सांगितलं, "कॅमेरा चांगला आहे, तुमचं बोट मधे येतंय." माणूस चिडला आणि निघून गेला, त्याच्याबरोबर त्याच्या कार्यालयातली सगळी लग्नं गेली. नाना म्हणाले, गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, वस्तू बदलून द्यायची आणि गप बसायचं. मी म्हणाले, खोटी तक्रार मी खरी म्हणणार नाही. मग काय, ते हिंदुराव आणि मी साळोख्यांची कुंदा, दोघांचीही मान वाकत नव्हती.

खोका उघडला आणि मी पदराला हात पुसले. आत एक लेन्स होती. जपानी कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून खास काढलेली, पितळेवर काळा रंग चढवलेली, कड्यावर बारीक अक्षरांत आकडा कोरलेला.

"तीनशेच काढल्यात," नाना म्हणाले. "ही दोनशे सतरावी. माधवीनं सिंगापूरहून धाडली." माधवी त्यांची मुलगी. काकी, म्हणजे नानांची बायको, गेल्यापासून घरात नाना एकटेच होते.

लेन्सबरोबर तिच्याच रंगाचा फिल्टर होता आणि एक हूड होता. हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची टोपी, बाजूनं येणारा उजेड अडवते. ह्या हुडाला चार पाकळ्या होत्या, दोन लांब आणि दोन आखूड. लांब पाकळ्या बरोबर वर-खाली आणि आखूड बरोबर डावी-उजवीकडे आल्या तर फोटोचे चारही कोपरे मोकळे राहतात. पण मधे फिल्टर आला की हुडाचे आटे वेगळ्या ठिकाणी थांबतात, पाकळ्या तिरक्या होतात आणि कोपऱ्यात काळं येतं.

"फिल्टर नका लावू मग," मी म्हटलं.

"आणि तालमीतली लाल माती काचेवर बसू दे? पोरं फोटोलासुद्धा मातीतनं उठून येत्यात. रविवारी सकाळी फोटो हाय. तालमीला शंभर वर्षं झाली. एकशे दहा माणूस बसणार."

तो फोटो म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. नाना लहानपणी त्याच तालमीत जोर मारायचे. तिथल्या भिंतीवर दर पंचवीस वर्षांचा एक फोटो आहे आणि त्या फोटोंची एक रीत आहे. मधे खेळती पोरं उभी करायची आणि वयानं मोठे खाली दोन्ही टोकांना बसवायचे. टोकाची माणसं घट्ट असली की रांग हलत नाही, असं तालमीतले म्हणतात. म्हणजे कोपरा काळा झाला तर अंधारात जाणार ते नेमके सगळ्यात म्हातारे वस्ताद. गणपा वस्ताद शहाऐंशी वर्षांचे होते आणि ते खालच्या डाव्या कोपऱ्यात बसणार होते. पुढच्या फोटोला ते असण्याची काही शक्यता नव्हती.

"उद्या संध्याकाळी या," मी म्हटलं. "चारी कोपरे मोकळे करून देतो." आम्ही कोल्हापूरच्या बायका 'येतो, जातो, देतो' असंच बोलतो, पुण्याच्या लोकांना त्याचं फार नवल वाटतं.

"उद्या न्हाई, आज."

हा बुधवार. मी दुकान बंद केलं, उद्यमनगरात ओळखीच्या लेथवर जाऊन पितळेचा कागदासारखा पातळ वायसर काढून घेतला आणि घरी काचेवर घासून घासून तो हवा तेवढा केला. फिल्टर आणि हुडाच्या मधे वायसर घातला की पाकळ्या जिथं थांबायच्या तिथंच थांबत होत्या. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून रोलच्या जागी बटर पेपर लावला आणि त्यावर पडलेलं चित्र बघितलं. चारही कोपरे लख्ख. इतकं नीट काम मी त्या वर्षात दुसरं केलं नसेल.

संध्याकाळी नाना आले, हूड दोनदा काढून दोनदा लावला, कॅमेरा डोळ्याला लावून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं."

चार वर्षांचा अबोला, दिवसभराचं घासणं आणि वर एक 'बरं'. मला राग आला, हे कबूल करते. पण एक खरं सांगायचं तर त्या रात्री मी जेवताना दोनदा हसले आणि आईनं विचारलं, काय झालं गं.

गुरुवारी सकाळी दुकान उघडतेय तोच नाना पायरीवर.

"फिल्टरवर कचरा हाय."

मी फिल्टर काढला, दिव्याखाली धरला, फुंकणीनं हवा मारली, कापडानं पुसला. परत लावला. नानांनी डोळा लावून आभाळाकडे बघितलं.

"हाय तसाच. काळं काळं. ठिपकं आणि एक दोरा."

मी बघितलं. काही नव्हतं. लेन्सची मागची काच बघितली, आतला आरसा बघितला. काही नव्हतं.

"मला तर काही दिसत नाही नाना."

"तुला दिसणार न्हाई. आणि एका जागी थांबत न्हाईत, हलायल्यात."

फिल्टरवरचा कचरा हलत नसतो. हे मला तेव्हाच म्हणायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण डोक्यात बुधवारचं 'बरं' होतं आणि वाटलं, ह्यांना माझ्या कामात खोट काढायचीच आहे, तर काढू देत. मी त्यांच्याच दुकानातली रीत त्यांच्याच अंगावर काढली. कपाटातला नवाकोरा दुसरा फिल्टर काढला, एक शब्द न बोलता बसवला आणि कॅमेरा पुढे केला.

"बदलून दिला. झालं?"

नानांनी बघितलं. कॅमेरा खाली घेत म्हणाले, "हां. आता कमी हाय." आणि गेले.

मी मनात म्हटलं, बघा, वाद न घालता गिऱ्हाईक कसं खूश झालं. स्वतःवरच खूश होते मी. त्या गुरुवारची मला पुढे फार लाज वाटली, अजूनही वाटते.

शुक्रवारी ते आले तेव्हा साडेदहा झाले होते आणि ह्या वेळी ते पायरीवरूनच बोलत आत आले.

"पाकळी आत आलीय. खालचा डावा कोपरा काळा दिसायलाय. काल रात्री थोडा हुता, आज सकाळी जास्त हाय. नेमका गणपा वस्तादांचा कोपरा."

मी कॅमेरा घेतला. डोळा लावला. कोपरा स्वच्छ होता. बटर पेपर लावून त्यांना दाखवला. नाना वाकून दोन्ही डोळ्यांनी कागदाकडे बघत राहिले.

"कागदावर हाय की कोपरा," ते म्हणाले.

"मग?"

"मग डोळा लावल्यावर का न्हाई?"

"चष्म्यामुळं होतं कधीकधी. डोळा लांब राहतो, कडा कापल्या जातात."

"तीस वर्षं ह्याच चष्म्यातनं बघतोय. मला शिकवू नगंस."

मी हूड काढला. नानांना कोपरा तरी काळाच. फिल्टर काढला, वायसर काढला. नुसती उघडी लेन्स. नानांनी डोळा लावला, काढला आणि कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"लेन्सच बिघडवलीस तू."

"काय?"

"आटे फिरवताना आत काय तरी हलवलंस. जगात तीनशे हायत, त्यातली एक घालवलीस. चार वर्षांचा राग काढायलीस व्हय माझ्यावर?"

आवाज चढला होता. शेजारचा किल्लीवाला बाहेर येऊन उभा राहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं काम, माझ्याच दुकानात, माझ्या शेजाऱ्यासमोर. खोका मिटून त्यांच्या हातात द्यायचा आणि सांगायचं की परत ह्या पायरीवर पाय ठेवू नका, इतकं माझं ठरलं होतं. खोक्याचं झाकण मी हातात घेतलंही होतं.

पण मला एक खोड आहे. भांडण हरले तरी चालेल, पण खोटं ठरलेलं मला चालत नाही. झाकण खाली ठेवलं आणि म्हटलं, "नाना, एक काम करा. कॅमेरा उभा धरा."

"कशाला?"

"धरा तर. लेन्समधे दोष असंल तर तो लेन्सबरोबर फिरंल. कॅमेरा उभा केला की काळा कोपरा दुसरीकडं जायला पायजे. गेला, तर मी सगळ्यांसमोर चूक कबूल करतो."

नानांनी कॅमेरा उभा धरला.

"कुठं आहे काळं?"

"खाली. डाव्या बाजूला. नाकाकडं."

"आता उलटा धरा. डोकं खाली."

उलट्या कॅमेऱ्याला डोळा लावून नाना उभे राहिले. मी जिंकले होते, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि नानांच्या तोंडून उत्तर यायला जो वेळ लागला त्या वेळात जिंकल्याचा आनंद मात्र कुठे गेला कोण जाणे.

"तिथंच हाय," नाना हळू आवाजात म्हणाले. "खाली डावीकडं."

कॅमेरा पूर्ण उलटा फिरला होता आणि काळं जागचं हललं नव्हतं. मी त्यांच्या हातातून कॅमेरा घेतला, ती लेन्स काढली आणि माझ्या कपाटातली एक जुनी, ओरखडे पडलेली लेन्स लावून दिली.

"आता?"

"तिथंच."

"डावा डोळा लावा."

नानांना डावा डोळा लावायची सवय नव्हती. चष्मा अडखळला, मान वाकडी झाली.

"स्वच्छ हाय," ते म्हणाले. "चारी कोपरं."

मी कॅमेरा काढून घेतला. "आता नुसतं उभं राहा. डाव्या डोळ्यावर हात ठेवा आणि समोरच्या कॅलेंडरकडं बघा. मधल्या तारखेवर नजर ठेवा. काय दिसत नाही ते सांगा."

नानांनी डोळा झाकला. किल्लीवाला आता दुकानाच्या आत आला होता आणि तोही कॅलेंडरकडे बघत होता.

"पहिल्या दोन रांगा बरोबर हायत," नाना म्हणाले. "खालचं डाव्या बाजूचं काय न्हाई. पडदा वढल्यागत झालंय."

"आणि ते काळे ठिपके?"

"आभाळाकडं बघितलं की हायतच. कडेला मधनंच चमकतंय पण. मला वाटलं, घरातला बल्ब गेलाय."

डोळ्यातलं मला काही कळत नाही, तेव्हाही कळत नव्हतं. पण दोन दिवसांत वाढत जाणारा दोष थांबून बघायचा नसतो, एवढं कुठल्याही दुरुस्तीवाल्याला समजतं. गुरुवारी हलणारा कचरा मी फिल्टर बदलून गप केला होता.

"नाना, हे माझ्या दुकानातलं काम नाही. डोळ्याच्या डॉक्टरकडं चला. आत्ता."

"सोमवारी जातो. रविवारी फोटो हाय."

"आत्ता."

"शंभर वर्षांचा फोटो हाय कुंदे. डाव्या डोळ्यानं काढतो. लेन्स दे."

मी लेन्स खोक्यात घातली, खोका लोखंडी कपाटात घातला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"देत नाही."

"माझी लेन्स हाय ती."

"असू दे. पोलिसात जावा."

चौदा वर्षांत नानांचा जेवढा ओरडा खाल्ला नव्हता तेवढा मी त्या पाच मिनिटांत खाल्ला. ते ओरडत होते तोवर मी तालमीच्या नंबरवर फोन लावला आणि गणपा वस्तादांना बोलवायला सांगितलं. त्यांना सगळं सांगितलं आणि रिसीव्हर नानांच्या कानाला लावला. वस्तादांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे ते इतक्या मोठ्यानं बोलायचे की पलीकडचं बोलणं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"हिंदुराव, तालमीला शंभर वर्षं झाल्यात. महिनाभरानं काय एकशे एक होत न्हाईत. जा गुमान."

"वस्ताद, तुमचा फोटो..."

"मी कुठं पळून चाललोय? तू ये, मग बसतो."

नानांनी फोन ठेवला. आयुष्यात वस्तादांचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, वस्तादांच्या शहाऐंशीव्या वर्षी मोडला असता तरी काय झालं असतं म्हणा, पण नाही मोडला. किल्लीवाल्यानं न सांगता माझं शटर ओढलं.

पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी नानांच्या डोळ्यात औषध घालून अर्धा तास बसवलं आणि मग बराच वेळ कपाळाला दिवा लावून आत बघितलं. बघून झाल्यावर त्या नानांशी न बोलता आधी फोनच करायला लागल्या.

"डोळ्याच्या आतल्या भिंतीला एक पडदा चिकटलेला असतो," त्यांनी मग सांगितलं. "त्याला वरच्या बाजूला भोक पडलंय आणि तो भिंतीवरून सुटत चाललाय. वरून सुटतो म्हणून तुम्हाला खाली काळं दिसतं. मधला भाग अजून चिकटलेला आहे. आपण वाचतो, माणसं ओळखतो, ते त्या मधल्या भागानं. तो सुटला तर ऑपरेशन करूनही पूर्वीसारखं दिसेल असं सांगता येत नाही."

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"आज रात्रीही सुटू शकतो. मिरजेला मी बोललेय. लगेच निघा, आणि गाडीत धक्के बसणार नाहीत असं बघा."

"दुसऱ्या डोळ्यानं कळलं नाही का ह्यांना?" मी विचारलं.

"दोन्ही डोळे उघडे असले की नाकाकडची बाजू दुसरा डोळा सांभाळून घेतो. बऱ्याच लोकांना मधला पडदा सुटल्यावरच कळतं. तुमच्या कसं लक्षात आलं?"

नाना आणि मी एकमेकांकडे बघितलं. "हूड बसवत होतो," मी म्हटलं.

मिरजेच्या दवाखान्यात संध्याकाळी फॉर्म भरला. माधवीला फोन लागला होता, पण विमान मिळून ती पोचायला रविवार उजाडणार होता. सहीच्या खाली रुग्णाशी नातं लिहायची जागा होती. मी पेन धरून बसले.

"काय लिहू?" मी विचारलं. "कामाला होते, असं?"

डोळ्यावर पट्टी बांधलेले नाना म्हणाले, "चार वर्षांपूर्वी सोडून गेलीस. कामाला कुठली? मुलगी लिही. दवाखान्यात वाद घालायचा न्हाई."

मी मुलगी लिहिलं.

शनिवारी सकाळी त्यांना आत नेलं. अडीच तास मी बाकावर बसून होते. एरवी मी देवाला फारसा त्रास देत नाही, त्या दिवशी मात्र ओळखीचे होते तेवढे सगळे देव झाले. आणि सारखा एकच हिशेब डोक्यात फिरत होता: गुरुवारी मी वाद घातला असता तर एक अख्खा दिवस हातात होता. राग म्हणून मी गप्प बसले होते. माझा स्वभाव आयुष्यात एकदाच मी आवरला आणि तो नेमका चुकीच्या दिवशी.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा टोपी काढत होते. "पडदा बसवलाय. मधला भाग सुटलेला नव्हता, पण अगदी कडेपर्यंत आलं होतं. सोमवारी पट्टी काढून बघू, तेव्हा खात्रीनं सांगतो."

रविवारी माधवी आली. सोमवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, दिवा लावून बघितलं आणि म्हणाले, "छान बसलाय. डोळ्यात गॅस भरलाय, तो जाईपर्यंत धूसर दिसेल. मग दिसायला लागेल, पूर्वीच्या जवळपास." माधवी रडायला लागली. मी खाली गेले, दवाखान्याच्या दारातल्या गाडीवर उभी राहून एकापाठोपाठ एक तीन चहा प्याले. मला काय करावं ते सुचत नव्हतं. चहावाल्याला मी विनाकारण सांगितलं की डोळा वाचला. तो म्हणाला, "बेस झालं."

तालमीचा फोटो पुढे दोन महिन्यांनी निघाला. नानांनीच काढला, डाव्या डोळ्यानं बघून, आणि गणपा वस्ताद खालच्या डाव्या कोपऱ्यात मांडी घालून ताठ बसले. आजही तो भिंतीवर आहे. पण मला तो काळ आठवतो तेव्हा फोटो आठवत नाही, त्या सोमवारची दुपार आठवते.

डोळ्यातला गॅस वर चढून पडद्याला दाबून धरावा म्हणून नानांना पालथं झोपायला सांगितलं होतं. आठवडाभर, दिवसरात्र, तोंड खाली. कॉटच्या टोकाला उशीत खाच करून तिच्यात त्यांनी कपाळ टेकलं होतं आणि चेहरा खाली फरशीकडे होता. मी आत गेले तर मला फक्त त्यांचं पांढरं डोकं आणि पाठ दिसली.

"कोण? कुंदा?" आवाज फरशीवरून आला.

"होय."

"पाठीशी काय बोलतीस? समोर ये."

समोर म्हणजे खाली. इकडेतिकडे बघितलं, नर्स नव्हती. मी पदर खोचला आणि कॉटखाली फरशीवर उताणी पडले. वर हातभर अंतरावर नानांचा चेहरा होता, उजव्या डोळ्यावर नवीन पट्टी, डावा डोळा उघडा. गाल खाली लोंबल्यामुळे ते दुसरेच कुणी तरी दिसत होते. चार वर्षांत एवढ्या जवळून आम्ही एकमेकांना बघितलं नव्हतं. दोघांनाही आधी हसू आलं.

"हसवू नगंस," ते म्हणाले. "हलायचं न्हाई असं सांगितलंय."

"मी काही बोललेच नाही."

मग नाना म्हणाले, "मी तुझ्याकडंच का आलो माहीत हाय?"

"दुसरं कुणी वायसर घालून दिलं नसतं म्हणून."

"त्या राजारामपुरीतल्या कॅमेरावाल्या पोरानं पण दिलं असतं. त्याच्याकडं गेलो असतो तर त्यानं शुक्रवारी पण हूड बदलून दिला असता, शनिवारी लेन्स पुण्याला धाडतो म्हणाला असता. गोड बोलून. आणि मी रविवारी..." ते थांबले. "तुझ्याकडं आलो कारण मला भांडायचं हुतं. चार वर्षं झाली, माझ्याशी कोण भांडतच न्हाई. सगळी व्हय नाना, व्हय नाना करत्यात."

मी म्हटलं, "गुरुवारी मी पण तेच केलं. ठिपके हलतात म्हणालात आणि मी फिल्टर बदलून दिला. एक दिवस माझ्यामुळं गेला नाना."

"मीच शिकवलं हुतं तसं करायला," ते म्हणाले. "चूक शिकवलं."

हिंदुराव माळगे चूक झाली असं म्हणाले, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

"त्या कार्यालयवाल्याचं बोटच मधे येत हुतं," ते पुढे म्हणाले. "मला तेव्हाच दिसलं हुतं."

"मग?"

"मग काय. लग्नं हुती सीझनची." त्यांनी डोळा मिटला आणि उघडला. "तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी तुझ्या दारापर्यंत आलो हुतो. आत न्हाई आलो."

तेवढ्यात माझ्या गालावर एक थेंब पडला. मी वर बघत राहिले. दुसरा थेंब कपाळावर पडला, कोमट.

"औषध गळायलंय," नाना म्हणाले.

औषध उजव्या डोळ्यात घातलेलं होतं आणि उजव्या डोळ्यावर पट्टी होती. थेंब डाव्या डोळ्यातून येत होते.

मी वाद घातला नाही.